पाठीवरचे चौकोन

अख्ख्या कोल्हापुरात माणसाचा श्वास लांबून बघणारा माणूस एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या दाजींचा राजारामपुरीत फोटो स्टुडिओ होता. दुसरे फोटोग्राफर 'हसा' म्हणतात, दाजी 'श्वास सोडा' म्हणायचे. खांदे खाली आले की मगच खटका दाबायचे. जन्मभर हेच केल्यामुळं त्यांना माणसाचं तोंड लक्षात राहायचं नाही, श्वास राहायचा. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ताईला हळूच विचारत, "ह्ये कोण गं?" आणि चार पावलं गेल्यावर स्वतःच म्हणत, "आठवलं. वरवर श्वास घेणारा वकील." बसमध्ये शेजारच्याला सांगत, "पावणं, पोटातनं घ्या की जरा. फुकट हाय." एका लग्नात तर त्यांनी मंगलाष्टका थांबवल्या. का, तर नवरदेवानं श्वास धरलाय, फोटो ताठ येईल!

एकदा कोडोलीच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी फोटो काढायला आले. दाजी रीळ पुढं सरकवायला विसरले आणि एकावर एक असे दोन फोटो निघाले. सेक्रेटरींना फोटोत चार खांदे. ते भडकले, "चार खांदे कशाला? मला पोचवायला निघालाय व्हय?" दाजींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, वरचे खांदे श्वास घेतल्यावरचे, खालचे सोडल्यावरचे. मधली जागा दिसती न्हवं? त्यो तुमचा दम!"

त्या दिवसापासून त्यांना वेडच लागलं. जुन्या बाजारातनं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आणलं. ताईची नवी मच्छरदाणी कापून तिचा तुकडा दोन काचांत धरला. दिवा लावला की समोरच्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यावर जाळीचे चौकोन पडायचे. मग रीळ न सरकवता एकावर एक दोन फोटो, एक श्वास भरल्यावर आणि एक सोडल्यावर. जिथं अंग हललं तिथली रेघ दुहेरी येणार, जिथं हललं नाही तिथं एकेरी. दम बघायला हात लावायला नको, नळीत फुंकायला नको. गल्लीतली सगळी माणसं एकेक करून भिंतीपुढं उभी राहिली. बायकांना मात्र दाजी पाठमोरं बसवत. म्हणत, "पाठीला लाज नसती." पहिल्याच फोटोत माणसाबरोबर मागची भिंतही दुहेरी आली. ताई म्हणाली, "बघा, भिंतीला बी दम लागलाय." बाहेरनं सिटी बस गेली की यंत्राचं टेबल हलायचं, हे दाजींना आठवड्यानं कळलं. तोवर त्यांचं भिंतीचं कौतुक गल्लीभर सांगून झालं होतं.

त्याच सुमाराला मी नेसरीहून ताईकडं आले होते. पाण्याची घागर उचलली की मला दम लागायचा. सासूबाई म्हणायच्या, "काम नको म्हणून सोंग करतीया." मी उलट बोलणारी नव्हे. सोंगच असेल असं मलाही वाटायला लागलं होतं. एकदा डॉक्टरांकडं नेलं होतं, पण परक्या माणसानं 'श्वास घ्या' म्हटलं की माझा होता तो श्वासही कुठं जायचा कोण जाणे. "बरं हाय," एवढं बोलून मी उठले होते.

दाजींनी मला दारात बघितलं आणि पाणीही न विचारता आत नेलं. ताईचं पांढरं लुगडं पांघरून मी भिंतीकडं तोंड करून बसले. ते 'घे' म्हणाले नाहीत, 'सोड' म्हणाले नाहीत. ताईशी मच्छरदाणीवरनं भांडत बसले.

"डास फोडून खातायत आम्हाला, आन् ह्यांची जाळी काचेत!" ताई म्हणत होती.

"डासाला श्वास असतो का गं?" दाजी विचारत होते.

मला हसू आलं, मग ते जिरलं. मी इथं कशाला बसलेय हे विसरूनच गेले. फोटो कधी निघाले कळलंही नाही.

फोटो धुऊन दाजी बाहेर आले आणि तो उजेडाला धरून बघत राहिले. फोटोत पाठीच्या डाव्या बाजूला सगळ्या रेघा दुहेरी होत्या. उजवीकडं खाली मात्र पाटीवर आखल्यासारख्या एकेरी. दाजींनी टेबलाच्या पायाखाली पाचर मारली, मला दुसऱ्या भिंतीला बसवलं, परत फोटो काढला. तेच.

"भिंतीचा दोष न्हाय," एवढंच ते म्हणाले आणि चपला घातल्या.

डॉक्टरांनी तो फोटो उलटा-सुलटा बघितला. म्हणाले, "ह्यावरनं मी काही सांगणार नाही. पण शंका आलीय तर छातीचा एक्स-रे काढू." उजव्या फुफ्फुसाबाहेर पाणी साचलं होतं. ते काढलं, पुढं कितीतरी महिने गोळ्या खाल्ल्या, आणि मी बरी झाले. दाजी एकदाच नेसरीला येऊन गेले. सासूबाईंच्या हातात तो फोटो देऊन म्हणाले, "ह्ये सोंग बघा." सासूबाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी घागर त्यांनी उचलली.

आता स्टुडिओ राहिला नाही. रीळ गेलं, कॉम्प्युटरचे फोटो आले, त्यात दोन फोटो एकावर एक चुकूनही पडत नाहीत. दाजी थकलेत. उन्हाळ्यात मी गेले की ते दुपारी खिडकीखालच्या कॉटवर पडलेले असतात आणि खिडकीच्या जाळीची सावली त्यांच्या पांढऱ्या बनियनवर पडलेली असते. परवा मी शेजारी बसले होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"दोन्ही बाजू हलत्यात, दाजी."

"मोठ्यानं बोल की. आता दम लागत न्हाय न्हवं तुला?"

मी मोठ्यानं बोलले. आतनं ताई हसली. दाजींना झोप लागली. चौकोन वर जातात, खाली येतात. कधी कधी वर जायला जरा उशीर लावतात. तेवढा वेळ मीही श्वास धरून बसते.