दोन वस्त्या आणि मिरच्यांचा ठसका

घर बघायला निघालेली माणसं भिंती बघतात, पाणी बघतात, वारा कुठून येतो ते बघतात. मला एवढंच बघायचं होतं, की ज्या वस्तीत कुणी "लेकरू का नाही गं अजून?" असं विचारणार नाही, अशी वस्ती धाराशिवात आहे का. ती मिळाली असती तर छपराला भोकं असली तरी मला चालली असती.

निजामाचं राज्य होतं. तिकडं कुठं तरी मोठी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आमच्याकडं घासलेट मिळत नव्हतं. ह्यांची बदली कळंबहून धाराशिवच्या कचेरीत झाली. 'ह्यांची' म्हणजे आमच्या मालकांची. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात चाल नव्हती, आणि आता नाव घ्यावं म्हटलं तर जीभच वळत नाही. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव होतं. हे सकाळी उस्मानाबादला कामाला जायचे आणि दुपारी धाराशिवला जेवायला यायचे.

उतरलो होतो चुलतसासऱ्यांच्या घरी. ते पेन्शनीत निघालेले पेशकार. कोर्टात हाकिमासमोर कागद वाचून दाखवायचं त्यांचं काम. कागद लोकांचे, हुकूम हाकिमाचा, फक्त आवाज पेशकारांचा. पण तेवढ्यावर त्यांना जन्मभर वाटत आलं, की राज्य आपणच चालवतो. नोकरी सुटली तरी आवाज काही सुटला नाही. आमटीत मीठ कमी पडलं की ताटावरून पुकारा व्हायचा, "नमक की तजवीज हो!" मग आतल्या बायका मिठाची वाटी घेऊन धावायच्या.

त्या घरात एक रीत होती. सुनेनं सासऱ्याशी, चुलतसासऱ्याशी थेट बोलायचं नाही. मग बोलायचं कसं? तर लेकराच्या तोंडून. "सांग रे बाळा आजोबांना, ज्वारी संपली." बाळाला मान धरता येत नसली तरी हरकत नव्हती. माझी थोरली जाऊ तर अंगावरच्या पोराकडून सासऱ्याची खरडपट्टी काढायची. "आजोबांना म्हणावं, पानाची पिंक अंगणात टाकू नका. सारवायला काय आजोबा येणार आहेत?" आणि पेशकारसाहेब, ज्यांच्यासमोर अख्खा तालुका चळाचळा कापे, ते त्या टीचभर पोराला म्हणायचे, "बरं, सांग आईला, नाही टाकत." पोर आपलं अंगठा चोखत असायचं.

मला लेकरू नव्हतं, म्हणून तोंडही नव्हतं. लग्नाला चार-पाच वर्षं होत आली होती. लोक माझ्या कुशीवरून बोलत, ते मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडत होते. पण घरात ज्वारी संपली तरी मला सांगता येत नव्हतं, ह्याचा मला लई संताप यायचा. मी भांडी आपटायची. पण भांडी आपटून माणूस किती बोलणार? आणि जावेचं लेकरू मागावं तर ती म्हणायची, "आत्ताच झोपलंय." माझ्या वाट्याला आलं की तिचं पोर नेहमी आत्ताच झोपलेलं असायचं.

घर वेगळं करायचं ठरलं तेव्हा गावाबाहेरच्या दोन वस्त्या समोर आल्या. दोन्ही प्लेगच्या भीतीनं वसलेल्या. गाव सोडून लोकांनी माळावर झोपड्या टाकल्या, प्लेग गेला, पण झोपड्यांच्या भिंती झाल्या. एक वस्ती कचेरीच्या अंगाला, दुसरी ओढ्यापलीकडं. कचेरीकडं वकील, मुन्शी, सरकारी माणसं. घराला डोक्याच्या वर भिंत आणि भिंतीला फाटक. ओढ्यापलीकडं पिंजारी, तेली, गाडीवान, एखादा मास्तर. भिंती म्हणाल तर त्याही होत्या, पण कुठं संपतात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ह्यांना कचेरी जवळ पडावी एवढंच वाटत होतं. चुलतसासऱ्यांना शराफत पाहिजे होती. आणि मला कुंपण. ज्या घराला उंच भिंत, तिथं शेजारीण डोकावणार कशी आणि विचारणार कुठून? त्यामुळं मी मनातून कचेरीच्या बाजूला आधीच राहायला गेले होते.

एका जुम्म्याला कचेरीला सुट्टी होती, तेव्हा आम्ही तांग्यातून निघालो. चुलतसासरे पुढं तांगेवाल्याशेजारी, डोक्यावर रुमी टोपी, हातात काठी. त्यांच्या भाषेत हा 'मुआयना', म्हणजे सरकारी पाहणी होती. दिसेल त्या भिंतीवर ते काठी ठोकायचे आणि कान लावून मान हलवायचे. भिंत काय सांगायची देव जाणे.

पहिलं घर वकिलाच्या घरामागचं. वकीलसाहेबांनी गादीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. चुलतसासऱ्यांनी आमची शिफारस सुरू केली. ह्यांची नोकरी पक्की, स्वभाव गरीब, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे घरात लेकरांचा दंगा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काही नाही. तुमच्या भिंतींवर कोळशाची एक रेघ उठायची नाही!"

काय बोलावं आता? माझं दुःख त्यांनी चुन्याच्या भावात विकलं. हे बशीत बघत बसले. मला वाटलं धरणी दुभंगेल तर बरं, पण वकिलाची फरशी पक्की होती.

वकिलीणबाईंनी मला आत माजघरात नेलं. बाई मोठ्या सोज्वळ. खरं सांगते, त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. माहेर कुठलं, विहिरीचं पाणी गोड आहे, दळण कुठं मिळतं, सगळं बोलल्या. लेकराचं नाव नाही. मी म्हटलं, जिंकलं! हीच माझी वस्ती. तेवढ्यात कोपऱ्यात पाळणा हलला. लेकरू दिसलं की बाईमाणूस वाकतंच. मी वाकले. वकिलीणबाई मध्ये आल्या, पदर पसरून, हसतमुखानं. "झोपलंय हो," म्हणाल्या. लेकरू टकाटका माझ्याकडं बघत होतं. मागून त्यांच्या सासूबाई आल्या आणि त्यांनी लेकरू उचलून आतल्या खोलीत नेलं. सगळं इतक्या अदबीनं झालं की मीच "असू द्या, असू द्या" म्हणत होते.

मी बाहेर येऊन पडद्याआड बसले, आणि आतून वास आला.

मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या चुलीत पडल्या की जो येतो तो. कुणाच्या तरी लेकराची दृष्ट काढणं चाललं होतं, आणि कुणाची नजर, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी अजून त्यांच्याच घरात बसले होते! निदान तांगा फाटकाबाहेर पडेपर्यंत तरी थांबायचं. पण नाही, नजर शिळी झाली तर चालत नसावी.

बैठकीत वकीलसाहेब खोकले. मग हे खोकले. मग चुलतसासऱ्यांना असा ठसका लागला की रुमी टोपीचा गोंडा नाचायला लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "वा! फोडणी काय झणझणीत आहे!" वकीलसाहेब म्हणाले, "हो, आमच्याकडं जरा तिखटच लागतं." चहाच्या वेळी कुणाच्या घरात फोडणी बसते? पण शराफत म्हणतात ती हीच असावी, सगळे ठसकतात आणि कुणी काही म्हणत नाही.

आता गंमत ऐका. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जाळल्या तरी ठसका लागत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. इथं तर अख्खं घर खोकत होतं. म्हणजे माझी नजर लागली नव्हती, हे त्यांच्याच शास्त्रानं सिद्ध झालं होतं! पण तसं कुणी बाहेर येऊन म्हणालं नाही. मी पडद्याआड डोळे पुसत होते आणि सगळंच पाणी काही मिरच्यांचं नव्हतं.

तांग्यात बसल्यावर चुलतसासरे म्हणाले, "उमदा लोक. उमदा घर." हे म्हणाले, "हो." मला विचारायचा प्रश्नच नव्हता. विचारलं असतं तरी सांगणार कुणाच्या तोंडून?

ओढा ओलांडला. दुसरं घर एका म्हाताऱ्या तेल्याचं होतं. तो पुरुषांना घर दाखवायला घेऊन गेला आणि मला आडाजवळ सावलीत बसवलं. शेजारून पिंजाऱ्याच्या कमानीचा टणटण आवाज येत होता आणि हवेत कापूस उडत होता. आडावर पाच-सहा बाया पाण्याला उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर एकेक पोर. मी बसते न बसते तोच सगळ्या माझ्याकडं वळल्या.

"कोन गावची गं?"

"कळंबची."

"लेकरं किती?"

आली का कंबख्ती! मी मान हलवली.

"एकबी न्हाय? का गं? खोट तुझ्यात हाय का नवऱ्यात?"

नवरा दहा हातांवर दाराची कडी बघत उभा होता. तो एकदम इतकं मन लावून कडी बघायला लागला, की तेल्याला वाटलं घर ठरलंच. मला वाटलं आडात उडी घ्यावी, पण आडाभोवती ह्याच उभ्या. त्यांचा तर बाजार भरला. एक म्हणाली, दर्ग्यात नाडा बांध. दुसरी म्हणाली, दर्ग्यानं काय होतंय, तुळजापूरच्या आईला साडी बोल. तिसरी म्हणाली, आधी एरंडेल पी, पोट साफ नसलं तर आई तरी काय करील? त्यावर त्यांचं आपसांतच जुंपलं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "समदंच कर की. देव काय एकमेकाला इचारायला जातेत?" मी दातओठ खात बसले होते. ह्या वस्तीत मी मेले तरी पाऊल टाकणार नव्हते.

तेवढ्यात पिंजाऱ्याच्या बायकोची पाण्याची बारी आली. तिनं दोर उचलला, इकडं तिकडं बघितलं आणि कडेवरचं पोर माझ्या मांडीत आदळलं. "धर गं बाई जरा."

मी घाबरले. म्हटलं, "अहो, मला लेकरू नाही."

"ते आइकलं की आत्ताच!" ती म्हणाली. "म्हनून तर दिलं. ह्या समद्यांच्या कडंवर हायती, तुझीच तेवढी रिकामी हाय."

आणि ती पाठ करून पाणी शेंदायला लागली. पाठ करून! मी त्या पोराकडं बघितलं. केसांत कापूस, काजळ गालापर्यंत आलेलं, नाकाची गंगा वाहती. त्यानं माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरली आणि माझं चांगलं इरकली लुगडं सावकाश ओलं केलं.

मी हळूच म्हटलं, "अगं, माझी नजर लागली म्हणजे?"

"ह्याला?" ती दोर ओढता ओढता मागं न बघताच हसली. "ह्याच्या नाकाकडं बघ की आदी!"

मला रडू आलं. आडाभोवती सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी का म्हणून विचारलं.

मुआयना आटोपून चुलतसासरे बाहेर आले. तिथूनच निकाल वाचून दाखवला, "कचेरीकडचं मंजूर. इथं शराफत नाही. चला." हे "हो" म्हणून तांग्याकडं वळले.

मी उठले. पोर कडेवर होतं. माझ्या कडेवर लेकरू आणि समोर चुलतसासरे, असा योग जन्मात पहिल्यांदा आला होता. मी पदर सारखा केला आणि पोराकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "सांग रे बाळा आजोबांना. त्या घरात तुझ्या काकीला बघून पाळणा आत नेला म्हणावं. तिच्या नावानं मिरच्या जाळल्या. आजोबांनाही ठसका लागला होता, ते फोडणी म्हणाले तो भाग वेगळा. तुझी काकी तिकडं राहायची नाही. इथंच राहील म्हणावं."

कमानीची टणटण थांबली. आडावर एकही घागर बुडाली नाही. आमच्या ह्यांचा एक पाय तांग्यावर आणि एक खाली.

चुलतसासरे काठी टेकून उभे राहिले. जन्मभर त्यांनी रीत पाळली होती आणि हा अर्ज रीतसर आला होता. सून बोलली असती तर ऐकलंच नाही म्हणता आलं असतं. पण इथं लेकरू बोललं होतं. ते पोराजवळ आले, टोपी सारखी केली आणि त्याला म्हणाले, "बरखुरदार, चाची से कह दो, दरख्वास्त मंजूर." मग खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "और कहो, मिरच्यांचं आमच्या ध्यानात आलं होतं. बोलायला पाहिजे होतं."

तो आवाज कोर्टातला नव्हता. तसा आवाज त्यांच्याकडं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही ओढ्यापलीकडं राहायला गेलो. तिथल्या बायांनी मला कित्येक वर्षं रोज विचारलं, मग विचारून विचारून त्यांनाच कंटाळा आला. पोटचं लेकरू झालं नाही. एरंडेल मात्र पुष्कळ पिऊन झालं. चुलतसासरे येताना दिसले की मी भिंतीवरून हाक मारायची, "लेकरू दे गं घडीभर, बोलायचंय," आणि विरजण द्यावं तसं कुणी तरी आपलं पोर देऊन जायची.

पिंजाऱ्याचा तो पोरगा मोठा झाला. त्याला मिसरूड फुटलं, माझ्यापेक्षा हातभर उंच झाला. चुलतसासरे तेव्हा पार थकले होते, पण काठी टेकत यायचे. ते ओसरीवर बसले की तो बापाची कमान खाली ठेवून कापूस झटकत यायचा आणि माझ्या शेजारी उभा राहायचा.

"बोल चाची," म्हणायचा, "काय सांगू?"