झोपून उठल्यावरची गोळी

भिवंडीत मधुमेहाचा डॉक्टर म्हणून बसलो, तेव्हा सुरुवातीलाच एक घोळ लक्षात आला. रातपाळीचा लूम कामगार सकाळी घरी येतो, चार घास खातो आणि झोपतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, सकाळी नाश्त्याआधी. तो इमानाने गोळी घेतो आणि भर दुपारी झोपेतच त्याची साखर उतरते. घामाने भिजलेल्या नवऱ्याला बायको हलवत बसते. मी सकाळ हा शब्दच टाकला. आधी पाळी विचारतो, मग सांगतो, झोपून उठल्यावर घे. हे मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. इथल्याच पूर्णा गावात वाढलो, घरातला पहिला डॉक्टर मी.

परदेशात शिकून आलेली एक तरुण डॉक्टर आठवडाभर माझ्या ओपीडीत शेजारी बसली. गोड बोलून सगळं विचारून घेतलं. पुढे पाळीच्या कामगारांवरचा अभ्यास मंजूर झाला, तो तिच्या नावाने. आणि रुग्ण हवे होते माझे.

मी फोनवर अट घातली, शोधनिबंधावर पहिलं नाव माझं, नाहीतर एकही रुग्ण मिळणार नाही. ती शांतपणे म्हणाली, आराखडा आणि परवानग्या माझ्या आहेत, दुसरं नाव देते. मी फोन आपटला.

मग पडघ्याकडचा माझा जुना रुग्ण आला. दंडावर साखर मोजणारी पांढरी चकती. पाळी सुटताना त्या तरुण डॉक्टरने त्याला लूमच्या दारातच गाठलं होतं.

"मला न विचारता गेलास?"

"तुमी वरडता, साहेब. मॅडम चा पाजून इचारतात." मग घाईने म्हणाला, "बिनसाखरेचा."

आता डोसही तिच्याकडूनच घे, म्हटलं. तो उठला नाही.

"त्या डोसला हात लावत न्हाय. बोलल्या, पाळी बदलली की गोळी कशी फिरवायची ते तुमच्या डॉक्टरांनाच कळतं."

त्याने मोबाइल पुढे केला. रुग्णांच्या बायकांच्या सांगण्यावरून मी इतकी वर्षं जे ताडत आलो, ते तिच्या चकतीने रेघ काढून दाखवलं होतं. त्याला नुकतीच रातपाळी लागली होती, गोळी मात्र जुन्याच वेळेला चालू होती; दुपारी रेघ खाली कोसळलेली. माझ्याकडे असली रेघ कधीच नव्हती. जळफळाट झाला. तरी त्याचा डोस कमी केला, वेळ बदलून दिली.

तो गेल्यावर तिला फोन लावला. दुसरं नाव चालेल, पण सगळे रुग्ण माझ्या ओपीडीत तपासायचे आणि डोस मीच ठरवणार.

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मी कमीच मागितलं, हे मला अजून छळतं.