माशाला ‘आ कर’ म्हणणारे काका

मासा गळाला लागला की माणसं त्याची लांबी बघतात, वजनाचा अंदाज घेतात, फोटो काढतात. काका त्याचं तोंड बघायचे. डाव्या हातावर ओला टॉवेल, त्यावर मासा, भर उन्हात कपाळावर दिव्याचा पट्टा आणि अगदी मनापासून विनंती, “आ कर. घाबरू नकोस, आ कर.” चाळीस वर्षं लोकांचे नाक, कान, घसा तपासलेला माणूस. निवृत्तीनंतर दवाखाना सुटला, सवय सुटली नाही. तपासून झालं की मासा पाण्यात सरळ धरून ठेवायचे आणि त्याने शेपटी हलवली की सोडून द्यायचे. एकही मासा त्यांनी कधी खाल्ला नाही. पुण्याचे, पक्के शाकाहारी.

मी मालवणजवळच्या खाडीकाठची. वडील मासे मारतात, आई बाजारात विकते आणि घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. इंजिनियर झाले, टेक्सासमधल्या अर्विंगला नोकरीसाठी आले आणि तिथून हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरच्या कामावर फ्लोरिडात फोर्ट मायर्सला. हे मी कुठेही सांगते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बाजूला उभ्या असलेल्या काकांनाही सांगितलं. यावर लोक “वा, कौतुक आहे हं” म्हणतात आणि ताट घेऊन पुढे सरकतात. काकांनी ताट खाली ठेवलं.

“म्हणजे तुम्हाला शिंगाळा मासा माहीत असणार. त्याच्या तोंडात कधी बघितलंय?”

“आमच्याकडे आधी डोकं तोडतात काका, मग बघतात.”

“मग शनिवारी या माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “या वेळी आधी बघू.”

त्यांची छोटी बोट चोकोलोस्कीला असायची. फ्लोरिडाच्या दक्षिणेला रस्ता जिथे संपतो तिथलं हे गाव. पुढे नुसती कांदळवनाची बेटं, हजारांच्या संख्येत, आणि त्यांच्यामधून फिरणारं चहाच्या रंगाचं पाणी. उष्ण प्रदेशातलं रान उत्तरेकडे येत येत जिथे थांबतं, ती ही कड. फोनला रेंज नाही, दुसरी बोट दिसली तर दिसली. मॅनटी नावाचं म्हशीएवढं गरीब जनावर नाकपुड्या तेवढ्या वर काढून बाजूने फुस्स करून जायचं. मगरींच्या दोन वेगळ्या जाती इथे शेजारी राहतात. काका चिखलात पहुडलेली एकेक मगर दाखवून मला विचारायचे, “ही कुठली? नाक बघून सांग.” माणसांच्या बाबतीतही नाकच काकांना चेहऱ्याच्या आधी दिसायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “ही बोय मासळी उड्या का मारते?”

“मारते म्हणून मारते.”

“हे उत्तर झालं नाही.”

“काका, तिला ऑफिस नाही. दुसरं काय करणार?”

ते हसले, पण वहीत लिहून ठेवलं. ‘बोय उडते, कारण ठाऊक नाही’ अशा नोंदींनी ती वही भरलेली होती. एकदा म्हणाले, “‘माहीत नाही’ हे चांगलं उत्तर आहे. डॉक्टर असताना मला ते म्हणायची सोय नव्हती. आता मनसोक्त म्हणतो.”

इथला स्नूक मासा मला बघताक्षणी जिताडा वाटला. मी लगेच त्याच्या कालवणाचा विचार करू लागले आणि काकांनी तो सोडून दिला. माझा जीव तळमळला. “काका, तुम्ही माशाला मारत नाही हे खरं, पण त्याचा अपमान करता. घरी बोलावून तोंड बघायचं आणि जा म्हणायचं.” त्यावर पुढच्या खेपेपासून एक नियम झाला. कायद्यात बसेल असा एक मासा माझा. तो मी बोटीवर साफ करायचा नाही आणि काकांना त्याच्याकडे बघायला लावायचं नाही.

शिंगाळा मिळाला जूनमध्ये. आमिषाचे मासे धरायला मी गोल जाळं फेकलं होतं, त्यात तो आला. (जाळं फेकायला बाबांनी शिकवलेलं नाही. इथे व्हिडिओ बघून शिकले. आमच्याकडे मुली ते करत नाहीत.) काकांनी त्याचे काटे टॉवेलात धरले, दिवा लावला, “आ कर” म्हणाले. मग मला खुणेने बोलावलं. तोंडभर अंडी होती, गोट्यांएवढी, पिवळसर.

“आमच्याकडे म्हणतात, शिंगाळा स्वतःची पोरं खातो,” मी म्हटलं.

“खात नाही गं. सांभाळतो. हा बाप आहे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत महिनाभर वगैरे हा जेवत नाही.” त्यांनी त्याला इतक्या हळू पाण्यात ठेवलं की एक अंडंही सांडलं नाही.

काकांना सहजपणे पाण्यावर जाता येत होतं असं मात्र नाही. काकू गेलेल्या, हृदयात दोन स्टेंट. मुलगी मेधाताई टँपाला डॉक्टर. तिने बोट राहू दिली होती ती अटीवर. एकटं जायचं नाही आणि दुपारी बाराच्या आत रेंजमध्ये येऊन फोन करायचा. एकदा जरी चुकलं तरी बोट विकायची. काकांनी ते मान्य केलं होतं. मला म्हणाले, “मी पेशंटला अशाच अटी घालायचो. आता कळतं, ते का पाळत नव्हते.” पण ते पाळायचे. साडेअकरा वाजले की हातातला मासाही अर्धवट तपासून सोडायचे. ती बोट गेली तर त्यांच्याकडे शनिवार उरणार नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आता माझी गोष्ट. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची आणि त्यात आपल्या खाडीचा फरक धरायचा. लहानपणी बाबा किनाऱ्यावर कधी लागणार हे आईला सांगायचं काम माझं होतं, म्हणून हे गणित मला तोंडपाठ. काकांच्या वहीतल्या वेळा घेऊन मी चोकोलोस्कीचा फरक शोधून काढला. काका लहान मुलासारखे खूश. “आज कुठली तिथी? मग पाणी कधी?” बरेच महिने माझं उत्तर छापील तक्त्याच्या पंधरा-वीस मिनिटं अलीकडे-पलीकडे येत राहिलं आणि माझी मान वर होत गेली. कॉलेजात मी बाबांचं नाव घेतलं की पोरं हसायची. इथे बाबांचं गणित अमेरिकेच्या पाण्याला लागू पडत होतं.

जानेवारीत थंडीची लाट आली. दोन दिवस उत्तरेचा वारा सुटला होता, तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही निघालो. एका उथळ खाडीच्या तोंडाशी काकांनी बोट थांबवली.

“आत नको जाऊया. वारा उत्तरेचा आहे.”

“काका, चंद्राला वारा लागत नाही,” मी म्हटलं. “आता ओहोटी संपतेय. अकराला पाणी चढलेलं असेल. आपण बाराच्या आत बाहेर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट आत घेतली.

दहाला बोटीचा तळ चिखलाला लागला. अकराला पाणी चढलं नाही. उलट आणखी उतरलं. दोन दिवसांच्या वाऱ्याने सगळी खाडी समुद्रात लोटून दिली होती आणि भरतीला आत यायला तो जागाच देत नव्हता. आमच्या आणि वाहत्या पाण्याच्या मध्ये अर्धा मैल वाळू, चिखल आणि धारदार कालवं. मी फोन हातात घेऊन बोटीच्या टोकावर उभी राहिले, रेंज येईना. काकांनी बारा वाजता एकदा घड्याळ बघितलं. मग ते काढून खिशात ठेवलं.

“झालं. आता घाई संपली,” म्हणाले आणि पँट वर करून खाली उतरले.

पुढचे चार-पाच तास ते त्या उघड्या तळावर फिरत होते. “अकरा वर्षं याच्यावरून जातोय. तळ आज दिसला.” उलट्या वळणाचा एक जिवंत शंख त्यांना सापडला. मग सगळेच उलट्या वळणाचे सापडले. कुठल्या बिळातून पाणी उडतं, कुठल्यातून नाही, हे ते मला हाका मारून सांगत होते. मला रडू येत होतं. ते बघून म्हणाले, “रडायला नंतर वेळ आहे. हा तारामासा बघ, चालतोय.”

पाचच्या सुमारास पाणी परतलं. बाहेर आलो तर शोधायला निघालेली बोट समोर. धक्क्यावर मेधाताई, हॉस्पिटलच्याच कपड्यांत, तीन तास ड्राइव्ह करून आलेली. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “बाबा.”

“माझा हिशेब चुकला,” काका म्हणाले. “ही सांगत होती वारा उत्तरेचा आहे म्हणून. मी ऐकलं नाही.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटलेलं तोंड मला अजून आवडत नाही.

दोन आठवड्यांत बोट विकली गेली. काका टँपाला मुलीकडे राहायला गेले. महिन्याने मी तिकडे गेले आणि स्वयंपाकघरात मेधाताईला खरं काय ते सांगितलं.

“माहितीये मला,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “बाबांना आज वार कुठला ते कळत नाही, तिथी काढणार होते का? पण अट बारा वाजताची होती गं. चूक कुणाची याची नव्हती. मी त्या दिवशी बाराला फोनकडे बघत उभी होते आणि पावणेसहाला बाबा दिसले. पुन्हा नाही जमणार मला.”

बाहेर अंगणात काका बसले होते. मी जाऊन विचारलं, का खोटं बोललात.

“तुझ्या वडिलांचं गणित चुकलं, असं कुणी त्या धक्क्यावर म्हणायला नको होतं. चुकलेलं नाही ते. त्यातली एक पायरी आपल्याकडे नाही. विचार त्यांना.”

तिथूनच बाबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “उत्तरेचो वारो असो सुटलो की तिथी कोण बघता? वारो पाणी ओढून न्हेता. ह्या तुका सांगूकच नाय कधी. तू शाळेत होतंस.”

मला शाळा शिकवायची म्हणून त्यांनी मला होडीत घेतलं नव्हतं. बाजारापुरतं गणित मला दिलं, समुद्रापुरतं स्वतःकडे ठेवलं. डिग्री घेतल्यापासून मी अभिमानाने सांगत आले की मी बाबांच्या पुढे गेले. पुढे गेलेच आहे. पण मागे काय राहिलं ते मी विचारलंच नव्हतं.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. “नमस्कार. मी डॉक्टर बोलतोय. मला सांगा, तुमच्याकडे बोय उड्या का मारते?” तासभर चाललं. त्यानंतर दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, त्यांचा फोन ठरलेला. एक पुणेरी, एक मालवणी, पहिले काही रविवार मध्ये मी अर्थ सांगायला. मग माझी गरज संपली. मेधाताई म्हणायची, “बाबा आता बोटीवर होते त्यापेक्षा जास्त समुद्रावर असतात.” माझ्याशी ‘जेवलंस काय’च्या पुढे न बोलणारे बाबा काकांना वाऱ्यांची नावं सांगत होते. असं दोन वर्षं चाललं.

या फेब्रुवारीत काका झोपेतच गेले. मी बाबांना कळवलं. ते किनाऱ्यावर होते, मागे लाटा ऐकू येत होत्या.

“डॉक्टरांनी विचारल्यानी,” ते खेकड्याची गोष्ट काढून म्हणाले, “कुर्ली कात टाकता तेवा डोळ्यांचीव टाकता काय? तीन दिस टोपलेत ठेवन बघलंय. टाकता. आता ह्या कोणाक सांगू?”

“माका सांगा,” मी म्हटलं.

“तुका कित्याक होया ता?”

“माका माहीत नाय, म्हणून.”

पलीकडे लाटांचा आवाज कमी झाला, ते आडोशाला गेले असावेत. मग म्हणाले, “बस मगे. येळ लागतलो.”

मी खाली बसले.