अटळ, अपरिहार्य, लाजमी

फाल्गुनातल्या त्या दुपारी परभणीबाहेरच्या रुग्णालयाच्या खिडकीतून वाळत्या करडईचा रुक्ष, कडवट वास आत येत होता आणि वॉर्डातल्या औषधांच्या उग्र दर्पात मिसळून जात होता. खाटेवर गिरिजामावशी होती. आई गेल्यानंतर मला लहानाची मोठी करणारी, पूर्ण्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणारी माझी मावशी. मधुमेहानं तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळवंडला होता. डॉक्टरांनी मला आणि तिच्या मुलाला, मन्मथला, बाहेर बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की गुडघ्याखालून पाय काढणं आता अनिवार्य आहे.

मन्मथनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "ताई, तूच सांग तिला. तू मराठी शिकवतीस, तुला शब्द सापडतील."

शब्द सापडले, नको तितके सापडले. ज्याचा परिहार नाही ते अपरिहार्य, ज्याचं निवारण नाही ते अनिवार्य, जे टळत नाही ते अटळ. वर्गात हे समानार्थी शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिले असतील, पण त्या दिवशी प्रथमच जाणवलं, की हा प्रत्येक शब्द आधी सुटकेची वाट दाखवतो आणि मग आरंभीच्या एका अक्षरानं ती बंद करून टाकतो. नाइलाज हा रोजच्या बोलण्यातला, सौम्य वाटणारा शब्द. त्या दारात तो उच्चारवेना, कारण त्याच्या पोटात इलाजच नाकारलेला होता.

आत गेले. उशी सारखी केली, पाणी दिलं, उन्हाबद्दल बोलले.

"डाक्टर काय म्हणायलाय गं?" मावशीनं विचारलं.

"उपचार जरा वेगळे करावे लागतील, मावशे."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "कापायचाय का? लाजमी हाय का ते?"

"हो."

"कुठून?"

मी तिच्या गुडघ्याखाली नुसता हात ठेवला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, आणि जे बोलली त्याची मी कल्पनाही केली नव्हती.

"मग मला बसवताल कसं?"

आम्ही लिंगायत. आमच्यात देह जाळत नाहीत. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, ध्यानस्थ बसल्यासारखा भूमीत ठेवतात. तिच्या नवऱ्याला, काकांना, तसं बसवलेलं तिनं पाहिलं होतं. दुकानाच्या गादीवरही ती जन्मभर तशीच ताठ, मांडी घालून बसली. मृत्यूचं भय तिला नव्हतं. मोडलेल्या आसनानं शिवापुढे जाण्याचं होतं. ती शस्त्रक्रियेला संमती देईना. "जीव गेला तर जाऊ द्या, आसन मोडू नका," एवढंच म्हणत राहिली. इकडे ताप चढत होता आणि काळिमा घोट्याच्या वर सरकत होता. माझ्या शब्दसंपत्तीतला एकही शब्द तिच्या त्या प्रश्नापर्यंत पोहोचत नव्हता.

अखेर मन्मथ खाटेशी आला. एवढा मोठा बाप्या, रडत होता. "आई, पाय मी हितं सोडणार न्हाई. बाबाच्या शेजारी नेऊन ठेवतो. तुला बसवू तवा तुझ्यासंगं ठेवू. मांडी पुरी करू."

मावशीनं त्याचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी त्यात पेन दिलं.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाची परवानगी घेऊन आम्ही दुकानातल्या पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळलेला तो पाय पूर्ण्याला नेला. वाटेतलं पिंगळी गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती, उन्हात कणसं खुडणाऱ्या बायांचं बोलणं कानावर येत होतं, आणि माझ्या मांडीवरचं गाठोडं कल्पनेपेक्षा फार जड होतं. याच पायानं चालत ती मला शाळेत सोडायला येत असे. काकांच्या समाधीशेजारी मन्मथनं खड्डा खणला, जंगमस्वामींनी भस्म लावलं. माती लोटताना आपण नेमकं कुणाला निरोप देत आहोत, हे मला उमगेना. जिला निरोप द्यायचा ती तर तिकडे खाटेवर जिवंत होती.

परतलो तेव्हा तिला शुद्ध आली होती. "खड्डा लय खोल न्हाई ना केला?" तिनं क्षीण आवाजात विचारलं. "माझ्या वेळी उकरावा लागंल."

माझ्या वेळी. नळावर आपली पाळी येईल तितक्या सहज ती बोलली. मी जमवलेले सगळे शब्द कुणाचेच नव्हते, कुणालाही लागू पडणारे, म्हणूनच इतके गार. तिनं मात्र अटळाला 'माझं' म्हटलं होतं. पण त्यानं मला धीर आला असं म्हणवत नाही.

तिचं पांघरूण सरळ करताना माझी नजर डाव्या पायावर गेली. करंगळीच्या कडेला तुरीच्या डाळीएवढा एक काळसर डाग होता. मी त्यावर पांघरूण ओढणार होते.

"काय बघायलीस?"

घशाशी पुन्हा शब्दांची गर्दी झाली. मी ती तशीच गिळली. "मावशे, ह्या पायालाबी काळं दिसायलंय."

मावशीनं तो पाय सावकाश पांघरुणाबाहेर, खिडकीतल्या उजेडात सरकवला.

"कुठं? दाखव की."

आणि आम्ही दोघी वाकून पाहू लागलो.