ढिली वायर

हर्सूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जुना रेकॉर्ड प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरचे चाचा दारात उभे.

"तुझी मशीन घुमायलीय, बेटा," ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे.

चाची गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. पण बिनकामाचं कुणाच्या घरी जायचं नाय, हा त्यांचा उसूल. म्हणून काम लागायचं.

आधी ते प्लेअरच्या सुईच्या दांडीवर बोट ठेवायचे. आवाज दबला की मान हलवायचे. "अर्थिंग ढिली हाय, दुसरं काय नाय." मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागचा स्क्रू चिमटीत धरून वायर घट्ट आवळायचे. घुमणं थांबायचं. चहा येईपर्यंत रेकॉर्डची एक बाजू ते डोळे मिटून ऐकायचे.

निघताना "एकदा बघून घेतो" म्हणत पुन्हा मागे वाकायचे. एकदा कपाटाच्या काचेत मला दिसलं, ते स्क्रू उलटा फिरवत होते.

मी एवढंच म्हटलं, "चाचा, परत घुमली तर हाक मारू ना?"

"हाक कशाला? वर ऐकू येतं मला," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता चपला घालू लागले.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना सिल्लोडला घेऊन गेला. आता स्क्रू मीच ढिला करतो. मशीन घुमत राहते आणि मी जिन्यावर चपला वाजतायत का, ते ऐकत बसतो.