वसंताच्या पडवीत बोलणारे कागद

ज्याला घरी काहीतरी बनवत बसण्याचा नाद असतो ना, त्याच्याकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे डबाभर स्क्रू, दुसरी म्हणजे किस्से! स्क्रू गंजतात. किस्से मेले गंजत नाहीत, उलट दर वेळी सांगताना जरा जास्तच चकाकतात. तेव्हा चकाकणारं तेवढं तुम्ही सोडून द्या. बाकीचं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीला, स्टेशनाच्या पूर्वेला, चकाल्याच्या वाटेवर वसंताचं बैठं घर होतं. भोवती ताडाची झाडं, पलीकडे भाताची खाचरं. वसंता आणि मी एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर कारकून. विनायक बापट शाळेत विज्ञान शिकवायचा. दत्ताराम मालवणकडचा, गिरणीत वायरमन. असे आम्ही चौघं. शिवाय वसंताची आई, नानी. त्यांना धरलं नाही तर यातला एकही किस्सा पुरा होत नाही.

झालं असं की, वसंताच्या रेडिओतल्या स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला. नवा स्पीकर परवडेना. बापट म्हणाला, "त्यात आहे काय एवढं? एक लोहचुंबक, एक तारेचं वेटोळं आणि एक कागदाचा शंकू. वेटोळ्यात वीज गेली की कागद थरथरतो. कागद थरथरला की आवाज! आपण करू."

उंदरांनी नुसता कागद खाल्ला होता. त्या 'आपण करू'नं आमचे पुढचे सगळे रविवार खाल्ले!

*

पहिला स्पीकर आम्ही ड्रॉइंगच्या कागदाचा केला. लोहचुंबक चोरबाजारातला, लढाईतल्या कुठल्यातरी मोडक्या यंत्राचा. तार औषधाच्या बाटलीवर गुंडाळली. कागद खळीनं चिकटवला. रेडिओला जोडला, आणि सगळे श्वास रोखून बसलो.

बराच वेळ नुसतीच घरघर. मग बातम्या सुरू झाल्या. पण तो आवाज! विहिरीच्या तळाशी बसून, तोंडावर ओलं फडकं धरून कोणीतरी बोलतंय असा. शब्द कळत होते, पण माणूस काही जिवंत वाटत नव्हता.

दत्ताराम दोन पावलं मागे सरकला. "अरे, ह्यो मेल्यावर बोलता काय?"

तेवढ्यात नानी आतून आल्या. हातात सुंठीच्या काढ्याचा पेला.

"कोण रे तो? आधी त्याला हे पाजा, मग बोलायला लावा!"

*

आवाजात दम नाही म्हणून बापटनं स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवला. माठ पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. काय सांगू, झकास! त्याच माणसाचा आवाज आता देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा येऊ लागला.

पण माठानं एक नवीनच खोड काढली. रेडिओ बंद असला, तारा सोडवून ठेवल्या, तरी मधूनच तो गुणगुणायचा. अगदी हळू, "हूंऽऽ" असा. शेवटी बापटनं छडा लावला. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जायची. त्यांची घरघर आपल्या कानांना कळायच्या आधी माठाला कळायची.

मग काय, नानींना गंमतच झाली. माठ गुणगुणला की त्या अंगणात वाळत घातलेले पापड सावरायच्या. "विमान येतंय रे!" आणि खरंच, थोड्या वेळात ताडांच्या शेंड्यांवरून विमान यायचं.

एका दुपारी माठ गुणगुणला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. आम्ही सगळे अंगणात येऊन वर बघत उभे राहिलो. आभाळ स्वच्छ. वारासुद्धा नाही. बघून बघून माना दुखल्या.

वसंता म्हणाला, "आज विमान काही आलं नाही, आई."

नानी पापड उलटता उलटता शांतपणे म्हणाल्या, "मग कोण आलं?"

त्या दिवशी चहा आम्ही अंगणातच घेतला.

*

विमानांनी आमची पाठ सोडली नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नानींनी सत्यनारायण घातला. पूजेला बरीच माणसं येणार, तेव्हा सगळ्यांना कथा ऐकू यावी म्हणून आम्ही भटजींपुढे माइक ठेवला, आणि अंगणात आमचा स्पीकर. भटजी म्हातारे, आवाज खोल गेलेला. पण स्पीकरमुळे पार रस्त्यापर्यंत कथा पोचत होती. आम्ही कॉलर ताठ करून उभे!

कथेत साधुवाण्याची नौका आली. भटजी पोथीचं पान उलटायला थांबले. माइकसमोर कोणीच बोलत नव्हतं. आणि स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला. इंग्रजीत. दुरून, पण स्वच्छ.

"कमिंग डाउन... कमिंग डाउन नाउ..."

एका बाईनं पोराला उचलून कडेवर घेतलं. वैमानिकाचं वायरलेसवरचं बोलणं आमच्या तारांनी कसं पकडलं ते बापटनं नंतर आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं, पण त्या घटकेला त्याचाही चेहरा पांढराफटक होता.

भटजींना थोडंफार इंग्रजी यायचं. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "यावं. प्रसाद तयार आहे."

*

दत्तारामची खोली वसंताच्या घरामागे, चार माड सोडून. स्पीकरची एक गंमत बापटनं आम्हाला सांगितली होती. त्याच्यापुढे बोललं की तोच माइकचं काम करतो. दोन स्पीकर तारेनं जोडले की झालं! बॅटरी नको, काही नको. बारीक, पण ऐकू येतं. मग आम्ही माडांवरून तार नेली. एक स्पीकर नानींच्या पडवीत, एक दत्तारामच्या खोलीत. "वसंता, चाय टाक रे!" असा तिकडून हुकूम सुटायचा.

एका संध्याकाळी आम्ही कचेरीतून आलो तर पडवीत उदबत्ती. स्पीकरपुढे निरांजन, आणि निरांजनापुढे कपबशीत चहा!

नानी कुजबुजल्या, "वसंता, दत्ताराम पाळीवर गेलाय ना? त्याच्या खोलीला कुलूप असतं ना? तिथून बाई बोलली रे."

"काय बोलली?"

"'हंय कोण आसा?' म्हणाली. मी म्हटलं, मी इथलीच, तुम्ही कोण? तर म्हणे, 'झिलाची वाट बघतंय. खूप वर्सां झाली, झील दिसाक नाय.' लेकासाठी किती तळमळून बोलत होती! मी विचारलं, बाई, तुमची काही इच्छा राहिली आहे का?"

"मग?"

"म्हणाली, 'चाय मिळात तर बरा होयत.'"

आम्ही चहाकडे बघत राहिलो. आणि तेवढ्यात स्पीकरमधून दत्तारामचा आवाज आला, "वसंता! माझी आवस इली रे गावसून!"

त्याची आई न कळवताच आली होती. घरमालकिणीनं आपल्याजवळच्या किल्लीनं खोली उघडून दिली होती. म्हातारी अंधाऱ्या खोलीत एकटीच बसली होती, आणि कोपऱ्यातून एक बाई तिची शेवटची इच्छा विचारत होती!

दत्ताराम खोलीत शिरल्याबरोबर तिनं त्याला दारातच धरलं होतं.

"तुझ्या खोलयेत एक हडळ आसा रे! पण सोभावान बरी."

*

आता पेटीचा किस्सा. हा सांगताना मी हसतो, पण बापट असला की सांगत नाही.

स्पीकर उघडा ठेवण्यापेक्षा लाकडी पेटीत बसवला तर आवाज भरदार होतो, असं त्यानं कुठेतरी वाचलं. पलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत पास्कल नावाचा म्हातारा सुतार होता. हात सफाईचा. बापट एकटाच गेला, लांबी-रुंदी सांगितली.

"फळ्या चांगल्या जाड घाला. कुठे फट नको. आणि झाकण मी घरी बसवीन."

पास्कल माप घेता घेता थांबला. हळूच म्हणाला, "तुझाच काय?"

"हो, माझाच," बापट उत्साहानं म्हणाला. "पहिलाच. खूप मेहनत घेतली, पण आवाजच नाही हो निघाला त्याचा."

पास्कलनं छातीवर क्रूस काढला. पैशाचं विचारलं तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

पुढच्या रविवारी बापट पेटी आणायला गेला. छोटीशी, सुबक, पॉलिश केलेली. आतून पांढऱ्या सॅटिनचं अस्तर, कडेला बारीक लेस. बापटनं ते अस्तर पाहिलं तेव्हा त्याला उमगलं. पण पास्कल समोर टोपी काढून उभा होता, त्याची बायको दारात डोळे पुसत होती. आता काय सांगणार? त्यानं पेटी उचलली आणि निघाला.

रस्त्यावर लोक बाजूला होत होते. सायकलवाला उतरून उभा राहिला. एक अनोळखी म्हातारी तर वळणापर्यंत त्याच्यासोबत मुकाट्यानं चालत आली.

पेटीतला आवाज मात्र विचारू नका, इतका गोड आणि भरीव! फक्त लहान मुलांचा कार्यक्रम लागला, त्या पेटीतून एखादं पोर गाऊ लागलं, की नानी उठून रेडिओ बंद करायच्या.

*

आणि हा शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

बापटचे वडील, आप्पा, ठार बहिरे होते. बापट रांगता असताना घरात विषमज्वर आला. त्यात त्याची आई गेली, आणि आप्पा वाचले ते कान गमावून. बापटला आई आठवत नव्हती. घरात तिचा फोटोही नव्हता. नानींचं बिऱ्हाड तेव्हा गिरगावात, बापटांच्या शेजारीच होतं. पण त्याच्या आईचा विषय निघाला की नानी "फार गुणी होती रे, विनू" एवढंच म्हणायच्या आणि उठून जायच्या.

एका रविवारी बापट आप्पांना घेऊन आला. रेडिओवर कुणाचं तरी गाणं लागलं होतं. त्यानं आप्पांचा तळहात धरून स्पीकरच्या कागदावर अलगद टेकवला. म्हाताऱ्याचा चेहरा आम्ही बघतच राहिलो. आधी दचकले, मग डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. अगदी बरोब्बर समेवर! इतक्या वर्षांनी त्यांना गाणं मिळालं होतं. बापट तोंड फिरवून उभा राहिला.

तेव्हापासून आप्पा दर रविवारी यायचे.

असाच एक रविवार. सकाळची वेळ, पडवीत ऊन आलेलं. रेडिओ उघडून ठेवला होता, आणि स्पीकर टेबलावर सुटा पडला होता. तारा मोकळ्या. आम्ही चौघं रेडिओत डोकं घालून वाद घालत होतो. आप्पा नेहमीच्या जागी येऊन बसले आणि त्यांनी सवयीनं स्पीकरवर हात ठेवला. सांगावं म्हटलं तर सांगणार कसं? म्हटलं, बसू देत.

थोड्या वेळानं त्यांची बोटं गुडघ्यावर हलू लागली. ताल नव्हता तो. संथ, पाळण्याला झोका द्यावा तशी. मग ते पुटपुटू लागले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सपाट, सूर असा नाहीच. पाटीवरचं वाचावं तसे शब्द.

"ओसरीवर ऊन बसलं... विनू माझा गाली हसला..."

दत्ताराम माझ्या कानाशी लागला. "तार खंय जोडलेली आसा?"

तार कुठेच जोडलेली नव्हती. बापट उठला. त्यानं तारेची दोन्ही मोकळी टोकं आप्पांच्या डोळ्यांपुढे धरली आणि नकारार्थी मान हलवली.

आप्पांनी तारांकडे पाहिलं. मग चिडून त्याचा हात बाजूला सारला.

"गप्प बस. तुलाच निजवतेय."

बापट तसाच उभा. विज्ञानाचा मास्तर तो, भुताखेताचं नाव काढलं की हसणारा. आप्पांनी त्याचं मनगट धरून खाली ओढलं आणि त्याचा तळहात आपल्या हाताशेजारी कागदावर ठेवला.

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी अंगणात पाहत राहिलो. दत्तारामनं वसंताचा दंड घट्ट धरला होता. किती वेळ गेला कोण जाणे.

मग कोणीतरी गुणगुणायला लागलं. बापट होता. आम्ही त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. शब्द नव्हते, नुसती चाल. हळू, जरा विचित्र वळणाची, मध्येच खाली उतरून थांबणारी.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. नानी दारात आल्या. हात पिठानं भरलेले. चौकटीला धरून त्या तशाच ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या,

"विनू... ही चाल तुला कोणी सांगितली?"

बापटनं हात काढला नाही. डोळेही उघडले नाहीत.

"हळू बोला, नानी," तो म्हणाला. "अजून संपलं नाही."