काकूची अर्धी गोष्ट

बाकीची माणसं कामावरून सुटली की कार्यक्रमाला जातात. माझे काका कार्यक्रमाला जातात, तेव्हा ते कामावर गेलेले असतात.

त्याचं असं आहे. आमच्या नगरपालिकेची एक कला समिती आहे. पालिकेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पाण्याची बिलं भरायच्या खिडकीशेजारी तिची खोली. गल्लीतल्या चार जणांनी नाटक बसवलं, बस चालवणाऱ्यांनी आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, कुणाला बागेत बासरी वाजवायची हौस आली, तर समिती त्यांना जागा मिळवून देते, खुर्च्या आणि माइक पाठवते, पत्रकं छापून देते आणि कलाकारांच्या हातावर थोडंफार मानधनही ठेवते. अट एकच. कार्यक्रम खरंच झाला का आणि कसा झाला, हे बघायला समितीचा माणूस येणार. तो माणूस म्हणजे आमचे काका.

काकांनी सारी नोकरी घरोघरी विजेचे मीटर वाचण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ते घरी बसले आणि डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागले. काकूने आठवडाभर दम काढला. मग पेपरातली समितीची जाहिरात कापली आणि त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवून दिली.

काम त्यांना असं मानवलं की विचारू नका. पहिल्या रांगेत मधोमध बसतात. विनोद अर्धा झाला की हसतात, गाणं संपायच्या आत टाळ्या वाजवतात, आणि त्यांची 'वा' रस्त्यावर ऐकू जाते. नवखे कलाकार त्यांच्याकडे बघून धीर गोळा करतात. साबणाच्या वड्यांवर कोरलेली शिल्पं त्यांनी गुडघ्यांवर बसून पाहिली आहेत. एका गृहस्थांनी करवतीवर धून वाजवली, तेव्हा बाकीचे श्रोते एकेक करून पाणी प्यायला म्हणून गेले ते गेलेच. काका शेवटपर्यंत बसले आणि वर "आणखी एक होऊन जाऊ द्या" म्हणाले. अहवालात मात्र लिहिणार, 'कार्यक्रम झाला. चांगला झाला.' समितीचं काम बघणाऱ्या बाईंनी एकदा जरा सविस्तर लिहा म्हणून बजावलं. पुढच्या अहवालात होतं, 'कार्यक्रम झाला. खूपच चांगला झाला.'

साऱ्या शहराचा हा श्रोता घरात पाऊल टाकतो आणि त्याचे कान बंद होतात. "करवत दोन तास ऐकतात," काकू म्हणते, "आणि मी दोन मिनिटं बोलले की यांना चष्मा आठवतो." मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे साक्षीदार आहे. काकू तिळभरही वाढवून सांगत नाही.

काकू लग्नाआधी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. बाहेरगावचा फोन तेव्हा आपला आपल्याला लावता येत नसे. एक्सचेंजला नंबर सांगायचा, मग तिथली मुलगी वायर जोडून द्यायची. त्या दिवसांतली तिची एक गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. एक बाई रोज दुपारी दूरच्या गावातला एकच नंबर मागायची. काकू जोडून द्यायची. पलीकडे घंटा वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. "बरं, उद्या बघू," म्हणून बाई फोन ठेवायची. असे कित्येक दिवस गेले. "आणि एक दिवस पलीकडून फोन उचलला," असं काकू म्हणते.

बस्स, इथपर्यंतच. गोष्ट याच्यापुढे कधी सरकलेली नाही. इथे दूध उतू जातं, दारावरची बेल वाजते, मला बस गाठायची असते, आणि यातलं काहीच झालं नाही तर काका विचारतात, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" चष्मा त्यांच्या डोक्यावर असतो. तो सापडला की म्हणतात, "ती फोनवालीची गोष्ट ना? सांगितली आहेस की."

मी वाचनालयात काम करते. समितीच्या मदतीने आमच्याकडे महिन्यातून एक संध्याकाळ गोष्टींची असते. गोष्ट पुस्तकातली चालत नाही, स्वतःच्या आयुष्यातली लागते, आणि ती दहा मिनिटांत संपवायची. वेळ झाली की मी घंटी वाजवते, मग समोर कोणी का असेना. या खेपेचा विषय होता 'कामावरची गोष्ट'. काकू पुस्तक बदलायला आली, दारावरचं पत्रक तिने वाचलं, दोन पावलं पुढे गेली, परत फिरली आणि पुन्हा वाचलं.

"माझं नाव घाल," ती म्हणाली.

"नक्की ना? माइक असतो, काकू. खोली भरून माणसं असतात."

"माणसं असतात म्हणून तर म्हणतेय. एकदा मला ती गोष्ट शेवटपर्यंत सांगायची आहे. तिथेही नाही जमलं तर सोडून देणार. परत तोंडातून काढायची नाही. आणि यांना बोलू नकोस."

हे सगळं ती हसत हसत म्हणाली, पण मी तिचं नाव लगेच यादीत लिहून टाकलं. काकू एकदा नाही म्हणाली की नाही. तिने शिवण सोडलं ते सोडलंच.

काकांना सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. भाग घेणाऱ्यांची नावं समितीकडे जातात, तिथे त्यांनी बायकोचं नाव पाहिलं. समितीच्या बाईंनी लगेच सांगून टाकलं की नात्यातल्या माणसाचा कार्यक्रम तुम्हाला तपासता येणार नाही, या वेळी मीच जाईन.

"पण मी नातेवाईक कुठे आहे?" काका म्हणाले. "मी तिचा नवरा आहे."

बाई आजही हे सांगताना टेबलाला धरून हसतात. काका मात्र फुगले. संध्याकाळभर गाल फुगवून बसले आणि शेवटी चहा गार झाल्यावर काकूला म्हणाले, "मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय होणार होतं?"

"मी आलो तर चालेल?"

"या की. सार्वजनिक कार्यक्रम आहे. पण मागे बसा. मध्येच वा वा करायचं नाही, आणि टाळ्या सगळ्यांनी वाजवल्यावर."

त्या संध्याकाळी आम्ही मुलांच्या पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली आणि खुर्च्या मांडल्या. काका शब्दकोशांच्या कपाटाला पाठ लावून अगदी शेवटच्या रांगेत बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, चुकून टाळी वाजू नये म्हणून. त्यांच्याकडे बघून मला हसू येत होतं आणि दयाही.

आधी एका लिफ्ट दुरुस्तीवाल्याने आपण स्वतःच लिफ्टमध्ये कसे अडकलो ते सांगून सगळ्यांना हसवून लोळवलं. मग काकू उठली. माइक तिला उंच पडत होता, तो तिने स्वतःच खाली ओढला. आणि काय सांगू, काकू रंगली. एक्सचेंजमधल्या मुलींचे गोड आवाज काढून दाखवले, सुपरवायझर बाईंच्या चपलांचा आवाज तोंडाने काढला. लोक हसत होते. मग रोज फोन लावणारी ती बाई आली आणि खोली शांत झाली. 'बरं, उद्या बघू' काकूने इतक्या हळू म्हटलं की पुढच्या रांगेतल्या एकीने रुमाल काढला.

"आणि एक दिवस पलीकडून फोन उचलला," काकू म्हणाली, आणि थांबली.

मला आधी वाटलं, मुद्दाम थांबली, काय झकास थांबली. मग मी तिचा चेहरा पाहिला. ती वाट बघत होती. इतकी वर्षं याच जागी तिला कोणी ना कोणी अडवलं होतं. आज अडवणारं कुणी नव्हतं, तर ती आपली आपणच अडली. तोंड किंचित उघडं, नजर शेवटच्या रांगेकडे. कुणाची तरी खुर्ची करकरली. समितीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मागून शब्द सुचवावा, तर पुढचं मलाच कुठे ठाऊक होतं? आता ही 'धन्यवाद' म्हणून खाली बसणार आणि गोष्ट कायमची जाणार, या विचाराने मला रडू यायच्या बेतात होतं.

"मग पुढे?"

आवाज मागून आला. काकांचा होता, पण रस्त्यावर जाणारा तो आवाज नव्हे. जेमतेम ऐकू आला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकूने श्वास घेतला आणि पुढे निघाली.

फोन उचलला होता एका रंगाऱ्याने. घर विकलं गेलं होतं, तो भिंती रंगवत होता. इथे आता कुणी राहत नाही, असं त्याने सांगितलं. बाई म्हणाली, "कुठला रंग देताय?" ते तिचं माहेर होतं. भावाशी अबोला होता, तो मोडायला ती रोज फोन करत होती. तिने विचारलं, स्वयंपाकघराच्या दारामागे एक वाकडा खिळा आहे का? रंगारी बघून आला. आहे म्हणाला, आत्ता उपटणारच होतो. "राहू द्या," बाई म्हणाली, "माझ्या भावाने ठोकलाय."

तीन मिनिटांनी फोन तोडायचा नियम होता. काकूने तोडला नाही. समोरच्या बोर्डावर वाट बघणाऱ्या फोनचे दिवे लुकलुकत होते आणि सुपरवायझर बाईंच्या चपला जवळ येत होत्या. भाऊ जाताना खिडकीत कागद चिकटवून गेला होता, त्यावरून रंगाऱ्याने त्याचा नवा नंबर वाचून दाखवला, आणि काकूने रांग मोडून तोही तिथल्या तिथे जोडून दिला.

"पलीकडून हॅलो ऐकू आलं," काकू म्हणाली, "आणि मी कानावरचं काढून ठेवलं. पुढचं माझ्यासाठी नव्हतं."

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी घंटी खुर्चीखाली सरकवली.

"दुसऱ्या दिवशी मला तिथून उठवलं आणि शिक्षा म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं. विजेचा मीटर त्याच खिडकीमागे होता. त्याच आठवड्यात एक मुलगा मीटर वाचायला आला. त्याने मीटर वाचला, मग परत वाचला. पुढच्या वेळी महिना व्हायच्या आधीच आला. तो तिकडे मागे बसलाय."

सगळी खोली मागे वळली. टाळ्यांनी कपाटाच्या काचा वाजल्या. फक्त काकांनी टाळी वाजवली नाही. हात मांड्यांखाली तसेच राहिले होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. काकांना असं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते फार आवडले.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. दोन चौक ओलांडले. मग काका म्हणाले, "म्हणजे तुला शिक्षा झाली होती? मी आजवर समजत होतो, तुला बढती देऊन त्या खिडकीत बसवलं."

"नाही," काकू म्हणाली.

"आणि तो फोन तू वेळेवर तोडला असतास, तर आपली गाठच पडली नसती."

"नसती पडली."

काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी हलेनात. "अगं, मग एवढी मोठी गोष्ट तू मला आधी का नाही सांगितलीस?"

आता स्फोट होणार, याची मला खात्री होती. काकूने त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं.

"सांगतच होते," ती म्हणाली.